पाळीव प्राण्यांच्या खाद्यात विष आहे का, हे कोण तपासतं? अमेरिकेतलं ‘व्हेट-लर्न’ नेटवर्क आणि त्यामागचा सरकारी पैसा

माणसांमध्ये विषबाधेची साथ आली की रुग्णालयं, आरोग्य विभाग आणि सरकारी प्रयोगशाळा कामाला लागतात. पण एखाद्या गावात चार कुत्री एकाच आठवड्यात मूत्रपिंड निकामी होऊन मेली, तर? ती चार वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेलेली असतात, त्यांच्या मालकांची एकमेकांशी ओळख नसते आणि शवविच्छेदनाचा खर्च परवडत नाही म्हणून बहुतेक वेळा तपास तिथेच संपतो.

ही फट बुजवण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, पशुवैद्यकीय प्रयोगशाळांचं एक जाळं उभं केलं आहे. हे जाळं काय करतं, त्याला पैसा कुठून येतो आणि भारतातल्या वाचकाचा त्याच्याशी काय संबंध, हे समजून घेऊ.

सुरुवात कशी झाली?

मार्च २००७. कॅनडातल्या ‘मेन्यू फूड्स’ या कंपनीने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे ६ कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं बाजारातून परत मागवली. ही कंपनी अनेक नामांकित ब्रँडसाठी माल बनवत असल्यामुळे महाग आणि स्वस्त अशा दोन्ही डब्यांमध्ये एकच माल होता. तो खाऊन प्राण्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती.

कारण शोधताना आधी वेगळ्याच विषाचं नाव पुढे आलं. महिनाअखेर एफडीएने खरा दोषी जाहीर केला, तो म्हणजे मेलामाईन. हे प्लास्टिक उद्योगात वापरलं जाणारं रसायन चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मिसळलेलं होतं.

ते मिसळण्यामागे हिशेब होता. खाद्यातली प्रथिनं मोजण्याची नेहमीची चाचणी थेट प्रथिनं मोजत नाही, ती नायट्रोजन मोजते. मेलामाईनच्या वजनातला सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. त्यामुळे हलका माल कागदावर प्रथिनयुक्त दिसतो. पण मेलामाईन आणि त्याच्यासोबत येणारं सायन्युरिक आम्ल एकत्र आलं की मूत्रपिंडात खडे तयार होतात.

या प्रकरणात हजारो तक्रारी आल्या, पण प्रयोगशाळेत खात्री झालेले मृत्यू मोजकेच होते. प्रत्यक्षात किती प्राणी गेले याचा पक्का आकडा कधीच निघाला नाही, कारण तो मोजणारी यंत्रणाच नव्हती. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाईन बाळांच्या दूध पावडरीत सापडलं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली आणि ६ दगावली. प्राण्यांच्या खाद्यात दिसलेला धोका माणसांच्या ताटापर्यंत यायला दीड वर्षही लागलं नाही.

अमेरिकी संसदेने २००७ मध्येच कायदा करून पाळीव प्राण्यांच्या खाद्यातला दोष लवकर ओळखणारी यंत्रणा उभारायला एफडीएला सांगितलं. २०१० च्या सुमारास ‘व्हेटर्नरी लॅबोरेटरी इन्व्हेस्टिगेशन अँड रिस्पॉन्स नेटवर्क’ सुरू झालं. थोडक्यात ‘व्हेट-लर्न’.

हे नेटवर्क काम कसं करतं?

अमेरिका आणि कॅनडातल्या ४० हून अधिक प्रयोगशाळा यात आहेत. बहुतेक विद्यापीठांच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या किंवा राज्य सरकारांच्या आहेत. एफडीएचं प्राणी-औषध केंद्र त्यांच्यात समन्वय ठेवतं.

समजा, एखाद्या मालकाने किंवा डॉक्टरने तक्रार केली की अमुक खाद्य खाल्ल्यावर किंवा अमुक औषध दिल्यावर प्राणी आजारी पडला. व्हेट-लर्नचे पशुवैद्य तक्रार तपासतात, मालकाशी बोलतात आणि उपचाराची कागदपत्रं मागवतात. प्रकरण दखल घेण्यासारखं वाटलं तर रक्त, लघवी, उरलेलं खाद्य किंवा मृत प्राण्याचे अवयव जवळच्या प्रयोगशाळेत पाठवले जातात.

इथे महत्त्वाचा मुद्दा म्हणजे व्हेट-लर्न ज्या चाचण्या करायला सांगतं त्यांचा खर्च एफडीए उचलतं. उपचाराचं बिल मात्र मालकालाच भरावं लागतं.

पैसा नेमका कशासाठी?

अमेरिकेत कुत्र्या-मांजरांचं खाद्य बाजारात आणण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. खाद्य सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कंपनीची असते आणि सरकार बहुतेक वेळा तक्रार आल्यावर तपास करतं. म्हणून तपासाची ताकद हाताशी असणं गरजेचं ठरतं.

पण प्रयोगशाळेचं रोजचं उत्पन्न येतं ते नमुन्यामागच्या फीमधून आणि राज्याच्या अनुदानातून. गायींचे आजार, कोंबड्यांची साथ ही नेहमीची कामं असतात. दुर्मीळ विष शोधणारं महागडं यंत्र आणि ते चालवणारा रसायनतज्ज्ञ यांची गरज वर्षातून थोड्याच वेळा पडते. ग्राहकांच्या फीवर त्यांचा खर्च निघत नाही. अग्निशमन दलासारखंच हे, आग नसली तरी बंब तयार ठेवावा लागतो.

त्यासाठी एफडीए प्रयोगशाळांशी बहुवार्षिक सहकार्य करार करतं. यात सरकार नुसता धनादेश देऊन मोकळं होत नाही, कामातही सहभागी असतं. पैसा साधारण चार गोष्टींवर जातो: यंत्रं आणि रसायनं, प्रशिक्षित माणसं, नव्या चाचण्या विकसित करणं आणि प्रयोगशाळांची परीक्षा. या परीक्षेत सर्वांना सारखेच नमुने पाठवतात, आत काय आहे ते सांगत नाहीत आणि उत्तरं जुळतात का ते पाहतात. एका राज्याचा अहवाल दुसऱ्या राज्यात विश्वासाने वापरायचा तर हे लागतंच.

हा निधी एफडीएच्या अर्थसंकल्पातून येतो आणि तो दरवर्षी संसदेत मंजूर व्हावा लागतो. एफडीएची तरतूद कृषी खात्याच्या विधेयकातून होते.

तपासातून आजवर काय निघालं?

अफ्लाटॉक्सिन: हे मक्यासारख्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष आहे. २०२०-२१ मध्ये ‘स्पोर्टमिक्स’ ब्रँडच्या खाद्याशी संबंधित ११० हून अधिक कुत्र्यांचे मृत्यू नोंदले गेले. एफडीएची मर्यादा अब्जात २० भाग आहे, काही नमुन्यांत ते ५५८ पर्यंत आढळलं.

ड जीवनसत्त्व: २०१८ मध्ये कुत्र्यांच्या काही कोरड्या खाद्यांत ते ठरलेल्या प्रमाणाच्या सुमारे ७० पटींपर्यंत सापडलं. गरजेचं असलेलं जीवनसत्त्वही इतक्या मात्रेत मूत्रपिंडं निकामी करतं.

औषधांची भेसळ: २०१७ मध्ये कुत्र्यांच्या डबाबंद खाद्यात पेंटोबार्बिटल आढळलं. प्राण्यांना दयामरण देण्यासाठी हे औषध वापरतात. दुसरं उदाहरण मोनेन्सिनचं. गुरं आणि कोंबड्यांच्या खाद्यात चालणारं हे औषध घोड्यांना मारक ठरतं. एकाच कारखान्यात दोन्ही खाद्यं बनत असतील तर यंत्रात राहिलेला थोडासा अंशही घात करू शकतो.

याशिवाय २०१७ पासून आजारी प्राण्यांमधले जिवाणू गोळा करून प्रतिजैविकांना ते किती दाद देत नाहीत, याचीही नोंद ठेवली जाते.

प्रत्येक वेळी उत्तर मिळतं का?

नाही. सुकवलेल्या मांसाच्या खाऊबद्दल एफडीएकडे २०१५ अखेरपर्यंत सुमारे ५,२०० तक्रारी होत्या आणि त्यांत ११४० हून अधिक कुत्र्यांचे मृत्यू नोंदले होते. अनेक वर्षं तपासूनही एकच ठोस कारण सापडलं नाही. धान्यविरहित खाद्य आणि कुत्र्यांचा हृदयविकार यांचा संबंध तपासल्यावरही २०२२ च्या अखेरीस, कार्यकारण सिद्ध करायला माहिती पुरेशी नाही, असंच एफडीएला सांगावं लागलं.

निधीवर टांगती तलवार

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने एफडीएतले सुमारे ३,५०० कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. त्यानंतर दूध, चीज आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्यातल्या बर्ड फ्लूच्या चाचण्या सुधारण्यासाठी होणारी प्रयोगशाळांची तुलनात्मक परीक्षा थांबल्याचं वृत्त ‘रॉयटर्स’ने दिलं.

वेळ नाजूक होती. २०२४ मध्ये टेक्सासच्या आजारी गायींच्या दुधात बर्ड फ्लूचा विषाणू पहिल्यांदा ओळखला तो आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पशुरोग निदान प्रयोगशाळेने. त्या वर्षाच्या शेवटी ओरेगॉनमध्ये कच्च्या मांसाचं खाद्य खाल्लेलं मांजर याच विषाणूने मेलं.

भारताशी काय संबंध?

पहिला संबंध गिधाडांचा. भारतीय उपखंडातली गिधाडं कशाने मरतायत हे कोडं २००४ मध्ये सुटलं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांची तपासणी केली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मढ्यांमधून गिधाडांच्या पोटात जात होतं. २००६ मध्ये भारताने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली होती.

दुसरा संबंध रोजच्या दुधाचा. बुरशी लागलेली पेंड किंवा मका गाय खाते आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरतं. उकळलं तरी ते जात नाही. ‘एफएसएसएआय’च्या २०१८ च्या सर्वेक्षणात दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त होतं. दुधातला हा दोष गोठ्यातच, खाद्य तपासून अडवावा लागतो.

प्राणी अचानक आजारी पडला तर काय जपून ठेवावं?

अमेरिकेत राहणारे मराठी पशुपालक एफडीएच्या सेफ्टी रिपोर्टिंग पोर्टलवर स्वतः तक्रार करू शकतात. पण देश कुठलाही असो, तपासाला उपयोगी पडणाऱ्या गोष्टी त्याच असतात. खाद्याचं मूळ पाकीट फेकू नका. त्यावरचा बॅच किंवा लॉट क्रमांक आणि मुदतीची तारीख यांवरूनच माल कुठून आला ते कळतं. उरलेलं खाद्य बंद पिशवीत वेगळं ठेवा आणि ते दुसऱ्या प्राण्याला देऊ नका. प्राण्याने कधी, किती खाल्लं आणि लक्षणं कधी दिसली ते लिहून ठेवा. प्राणी दगावलाच, तर पुरण्याआधी शवविच्छेदन शक्य आहे का, हे डॉक्टरांना विचारा.