सगळी गावं सोडून डेटनच का?

तर मंडळी, या वीकेंडला पुन्हा एकदा इतिहास. कोडिंगवाल्या मित्रांनी लगेच पान बंद करू नये, मधे थोडं बगबद्दलही आहे!

काही वर्षांपूर्वी ऑनसाइटला अटलांटात होतो. एका लाँग वीकेंडला टीममधली सगळी मंडळी फ्लोरिडाच्या बीचवर निघाली. मला समुद्राचं फारसं वेड नाही, म्हणून शुक्रवारी सकाळीच भाड्याची गाडी काढली आणि उलट्या दिशेला, उत्तरेला निघालो. चॅटनूगा ओलांडून हायवे २७ धरला, आणि तासाभरात टेनेसी राज्यातल्या डेटनला पोचलो. राइट बंधूंचं डेटन ते ओहायोतलं. हे नव्हे.

हे डेटन म्हणजे रे काउंटीचं मुख्य गाव. आपल्या हिशेबात जिल्ह्याचं ठिकाण म्हणा, पण वस्ती २०२० च्या जनगणनेत जेमतेम सात हजार. गावाच्या मधोमध १८९१ सालची विटांची कोर्टाची इमारत, तिला एक मनोरा, भोवती हिरवळ आणि मोठी झाडं. बाकी सगळं शांत. पण १९२५ च्या जुलैमधे या कोर्टात अख्ख्या अमेरिकेचे कान लागले होते.

गोष्ट थोडी आधीपासून सांगायला हवी. १८८० च्या सुमारास इथून रेल्वे गेली. डोंगरात कोळसा होता, लोखंड होतं. ब्रिटिश भांडवल आलं, लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या आणि साध्या चौफुलीचं गाव झालं. काउंटीचं ठिकाणही जुन्या गावाहून इथेच हललं. मग १९१३ मधे कंपनी बुडाली, भट्ट्या विझल्या. तीन हजारांच्या आसपास गेलेली वस्ती १९२५ पर्यंत अठराशेवर आली. एका कंपनीच्या जिवावर उभ्या राहिलेल्या गावाचं कंपनी गेल्यावर काय होतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

मार्च १९२५ मधे टेनेसीनं बटलर कायदा केला. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला, असं सरकारी शाळेत शिकवणं गुन्हा. दंड १०० ते ५०० डॉलर. न्यूयॉर्कच्या एका नागरी हक्क संघटनेनं पेपरात जाहीर केलं, की या कायद्याला आव्हान देणारा शिक्षक मिळाला तर खर्च आम्ही करू. ते डेटनच्या जॉर्ज रॅपलियाच्या वाचनात आलं. हा रॅपलिया इंजिनिअर (बघा, आपली जमात कुठेही सापडते!), बंद पडलेल्या खाणींचा उरलासुरला कारभार बघायचा. त्याला कायदा पटत नव्हताच, शिवाय डोक्यात ट्यूब पेटली : खटला आपल्या गावात भरवला तर? पेपरवाले येतील, पाहुणे येतील, गावाचं नाव होईल.

बैठक भरली रॉबिन्सनच्या औषधांच्या दुकानात. हा रॉबिन्सन काउंटीच्या शाळा मंडळाचा अध्यक्ष. टेनिस खेळत असलेल्या जॉन स्कोप्सला निरोप गेला. वय २४, फुटबॉलचा कोच आणि विज्ञानाचा मास्तर. जीवशास्त्राचे नेहमीचे सर आजारी असताना यानं काही दिवस त्यांचा वर्ग घेतला होता. उत्क्रांतीचा पाठ आपण खरंच शिकवला का, याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती! तरी तो तयार झाला, आणि परत टेनिस खेळायला गेला. सरकारी बाजूनं उभे राहिलेले गावातले तरुण वकील तर त्याचे दोस्तच.

आता तो बग. राज्यानंच लावलेलं जीवशास्त्राचं पुस्तक होतं 'सिव्हिक बायोलॉजी'. त्यात उत्क्रांती होती. म्हणजे पुस्तक शिकवलं नाही तर नोकरीत कसूर, शिकवलं तर गुन्हा. स्पेकमधलं चौथं पान आणि चाळिसावं पान एकमेकांच्या विरुद्ध, आणि डेव्हलपरनं दोन्ही पाळायचं. वर गंमत अशी, की ते पुस्तक विकत मिळायचं खुद्द रॉबिन्सनच्या दुकानात. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच पुस्तकात गोरा वंश सगळ्यांत वरचा, असंही छापलेलं होतं. एका बाजूला शुद्ध विज्ञान आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध अज्ञान, इतकं सोपं ते नव्हतं.

चॅटनूगानं खटला पळवायची खटपट सुरू केल्यावर डेटननं घाईघाईनं ग्रँड ज्युरी बोलावून आरोप निश्चित करून टाकले. तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन सरकारी बाजूनं आले, बचावाला नामांकित वकील क्लॅरन्स डॅरो. गावानं पाहुण्यांसाठी पुस्तिका छापली, तिचं नावच मुळी 'सगळी गावं सोडून डेटनच का?' अशा अर्थाचं. शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओनं खटला थेट प्रक्षेपित केला. गावात माकडंसुद्धा आली. २० जुलैला कोर्ट उन्हाळ्यामुळे आणि गर्दीनं जमीन खचेल या भीतीनं बाहेर हिरवळीवर भरलं, आणि डॅरोनं चक्क विरुद्ध बाजूच्या ब्रायनना साक्षीला बसवून बायबलवर प्रश्न विचारले.

दुसऱ्या दिवशी ज्युरीनं नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरवलं. दंड १०० डॉलर. पाच दिवसांनी ब्रायन डेटनमधेच वारले. १९२७ मधे राज्याच्या वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केली. कारण काय, तर ५० डॉलरच्या वरचा दंड ज्युरीनं ठरवायला हवा होता, न्यायाधीशानं नाही. झालं! ज्या प्रश्नासाठी एवढा तमाशा, तो तसाच राहिला. कायदा राहिला तो १९६७ पर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षं.

मला वाटतं, खरा निकाल कोर्टाच्या बाहेर लागला. खटल्याचा गवगवा झाल्यावर पुस्तकं छापणारे सावध झाले. 'सिव्हिक बायोलॉजी'च्या नव्या आवृत्तीतून उत्क्रांती हा शब्दच गेला. त्यासाठी ना वकील आले, ना रेडिओ आला. पुढे किती मुलं तो शब्द न ऐकताच शाळेतून बाहेर पडली असतील, याची बातमी कुठल्या पेपरात येणार?

आणि गाव? १९५५ चं 'इनहेरिट द विंड' नाटक आणि १९६० चा सिनेमा यांनी डेटनला दुसऱ्याच नावाखाली चिडक्या, माथेफिरू लोकांचं गाव करून टाकलं. सिनेमातला मास्तर तुरुंगात बसतो. खरा स्कोप्स एक दिवसही आत गेला नाही. गावाला नाव हवं होतं, ते मिळालं, पण त्या नावाचं पुढे काय करायचं ते गावाच्या हातात राहिलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या त्या कोर्टरूममधे मी जाऊन बसलो. लाकडी खुर्च्या, उंच खिडक्या. बाहेर हिरवळीवर २००५ मधे ब्रायनचा पुतळा बसला, आणि डॅरोचा यायला २०१७ उजाडलं. आता दोघंही तिथे आहेत.

२०२३ मधे आपल्याकडे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याची बातमी आली, शास्त्रज्ञांनी निषेधाचं पत्रही काढलं, तेव्हा मला ती रिकामी कोर्टरूम आठवली. खटला होतो तेव्हा निदान सगळ्यांना कळतं तरी, की भांडण आहे. पान गळतं तेव्हा आवाज होत नाही.

असो. तुमच्या दहावीच्या वर्गात हा धडा शिकवला होता, की 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला होता? आठवून बघा जरा.