बोरीबंदर–दादर ट्राममार्ग

मुंबई शहरात सर्वांत शेवटी बंद झालेला ट्राममार्ग. दक्षिणेकडील बोरीबंदर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर, आणि उत्तरेकडील दादर यांना भायखळा, लालबाग व परळमार्गे जोडणाऱ्या या मार्गावरील शेवटची गाडी ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदरहून सुटली आणि तिच्याबरोबर शहरातील सुमारे नव्वद वर्षांची ट्रामसेवा समाप्त झाली.

ट्राम म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल बसवलेल्या रुळांवरून धावणारी प्रवासी गाडी. रेल्वेप्रमाणे तिला स्वतंत्र जागा लागत नाही. इतर वाहने आणि पादचारी यांच्यासमवेत ती एकाच रस्त्यावरून जाते. मुंबईत ती प्रथम घोड्यांनी ओढली. बॉम्बे ट्रामवे कंपनीने ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर सेवा सुरू केली. कंपनीच्या पागेत त्या वेळी सुमारे ९०० घोडे होते आणि सुरुवातीचे भाडे तीन आणे होते. त्या काळच्या मजुरीचा विचार करता ते सामान्य माणसाला परवडणारे नव्हते, आणि पुढे ते कमी करण्यात आले.

१९०५ मध्ये ही व्यवस्था बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे, म्हणजे ‘बेस्ट’कडे गेली आणि ७ मे १९०७ रोजी पहिली विद्युत ट्राम धावली. गाडीच्या छतावरील दांडा डोक्यावरच्या तारेला टेकून वीज घेत असे, ती विद्युत मोटरमधून जाऊन रुळांवाटे परत फिरत असे, आणि चालक समोरच्या हँडलने वेगाचे नियंत्रण करी. वाढत्या गर्दीसाठी १९२० मध्ये दुमजली ट्राम आणण्यात आल्या.

शहर उत्तरेकडे पसरत गेले त्या काळात बोरीबंदर–दादर मार्गाला खरे महत्त्व आले. एका टोकाला किल्ला (फोर्ट) भागातील कचेऱ्या व बाजारपेठा, मध्ये गिरणगावातील चाळी आणि दुसऱ्या टोकाला दादर–माटुंग्यातील मध्यमवर्गीय वसाहती अशी त्याची रचना होती. त्यामुळे गिरणी कामगार, कारकून आणि विद्यार्थी एकाच गाडीत बसत. पुढे भाडे बराच काळ एक आणा राहिले, आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनाला या स्वस्त भाड्याने दिलेला आधार कोणत्याही एका इमारतीपेक्षा किंवा पुलापेक्षा कमी मोलाचा मानता येत नाही.

ट्राम मागे पडण्याची कारणे तिच्या रचनेतच होती, असे सहसा सांगितले जाते. रूळ रस्त्याच्या मधोमध असल्याने प्रवाशाला वाहनांमधून वाट काढून चढावे-उतरावे लागे. एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या खोळंबत. आणि रुळांची व तारांची देखभाल खर्चिक होती. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुरू झाल्यापासून ट्रामला कोणत्याही रस्त्यावर वळवता येणारा स्पर्धक मिळाला. तथापि ही कारणमीमांसा अपुरी आहे. ट्रामचा वेग मुख्यतः वाढत्या मोटारींनी तिचा रस्ता अडवल्याने मंदावला होता. अरुंद रस्त्यांवर तिच्यासाठी वेगळी पट्टी राखणे अवघड होते हे खरे. पण जेथे रस्ता रुंद होता तेथे, विशेषतः आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर, तसे करणे शक्य होते.

७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने बेस्ट ताब्यात घेतली, त्यानंतर तिच्या नावातील ‘ट्रामवेज’ या शब्दाच्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द आला. १९५३ पासून ट्राममार्ग एकेक करून बंद होऊ लागले. मद्रासमधील ट्राम याच वर्षी आणि दिल्लीतील १९६३ मध्ये बंद झाली, म्हणजे मुंबईचा निर्णय त्या काळच्या सर्वसाधारण धोरणाला धरूनच होता. कलकत्त्याने मात्र ट्राम पुढे अनेक दशके चालू ठेवली. बोरीबंदर–दादर मार्ग शेवटपर्यंत टिकला आणि अखेरच्या गाडीला निरोप देण्यासाठी मोठा जमाव लोटला होता.

मार्गाचे उत्तरेकडील टोक असलेला दादरचा चौक अधिकृतपणे खोदादाद सर्कल म्हणून ओळखला जात असला, तरी लोकव्यवहारात तो अजूनही दादर टी. टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, आहे. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटन परिसरातील कामाच्या वेळी रस्त्याखाली गाडलेले ट्रामचे जुने रूळ उघडे पडले होते. ट्राममार्ग बंद होत असतानाच्या काळात, रुळांशिवाय केवळ तारेवरील विजेवर चालणारी ट्रॉलीबस मुंबईत ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर सुरू करण्यात आली होती; तीही २४ मार्च १९७१ रोजी बंद झाली.