सायकलचे दुकान आणि त्याचे गिऱ्हाईक : एका सेवाव्यवहाराचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः शोधक, कारखानदार आणि सरकारी धोरण या तीन बाजूंनी त्याकडे पाहतो. ज्याने ते यंत्र पदरमोड करून घेतले, मोडल्यावर दुकानात नेले आणि तेथून समाधान पावून किंवा चरफडत जो घरी परतला, त्या गिऱ्हाइकाची साक्ष मात्र क्वचितच नोंदली जाते. प्रस्तुत लेखात सायकलच्या दुकानाचा विचार या चौथ्या बाजूने करावयाचा आहे. मांडावयाचा मुद्दा असा की, दुकानाविषयी गिऱ्हाइकाचे मत केवळ दर आणि सौजन्य यांवरून ठरत नसे. काम आपल्या डोळ्यांदेखत झाले की पाठीमागे, यावर ते पुष्कळ अंशी अवलंबून असे. सायकल ही उघडी वस्तू आहे. तिची साखळी, चाके, आरे सर्व नजरेसमोर असतात. त्यामुळे तिचा मालक केवळ सेवा घेणारा न राहता तिचा परीक्षकही होऊ शकला. ही स्थिती कशी निर्माण झाली, हे प्रथम पाहू.

१८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने इंग्लंडात रोव्हर ही सायकल तयार केली. जवळजवळ समान आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला गती देणारी साखळी ही आजच्या सायकलची ठेवण तेथून रूढ झाली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या धावेचे पेटंट घेतले. भरीव रबराचे हादरे त्यामुळे चुकले खरे, परंतु एक नवेच संकट उभे राहिले. ही धाव चाकाला चिकटवून बसविलेली असे. तिच्यात काटा शिरला की सगळे पुनः सोडवावे लागे. १८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एक सायकलस्वार अशीच निकामी झालेली धाव घेऊन आला. ती सोडवून दुरुस्त करण्यास काही तास लागले आणि चिकटविलेला भाग वाळण्यासाठी सायकल रात्रभर तशीच ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशलँ याने ती चालवून पाहिली, तेव्हा थोड्याच अंतरावर धाव पुनः बसली. एका गिऱ्हाइकाची ही अडचण कारखानदाराच्या विचाराला चालना देणारी ठरली. १८९१ मध्ये मिशलँने काढता-घालता येणाऱ्या धावेचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ याने तीच धाव वापरून पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही शर्यत जिंकली.

या घटनेचे महत्त्व शर्यतीपुरते नाही. धाव हाताने काढता येऊ लागली, तेव्हा दुरुस्तीचे काम कारखान्यातून रस्त्याच्या कडेला येऊ शकले. त्यासाठी मोठे भांडवल नको, बंद कार्यशाळा नको. दोन टायर-लिव्हर, कानस, रबराचा तुकडा आणि सोल्यूशनची नळी एवढ्यावर काम भागते. गिऱ्हाईक शेजारी उभे राहून ते पाहू शकते. गल्लीच्या तोंडाशी असणारे सायकलचे छोटे दुकान जे संभवले, त्यामागे हे तांत्रिक कारण आहे.

युरोपात हे बदल घडत असतानाच तेव्हाच्या मुंबई इलाख्यात सायकलच्या व्यवसायाला आरंभ झाला होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. किर्लोस्कर उद्योग आपला आरंभ या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून मोजतो. तेथे केवळ विक्री होत नसे. सायकल दुरुस्त करून देणे आणि नव्या गिऱ्हाइकास ती चालविण्यास शिकविणे हीही त्या दुकानाची कामे होती. ही शेवटची बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या वस्तूवर बसताच मनुष्य पडतो, ती वस्तू नुसती विकून विक्री पुरी होत नाही. दुकानदाराने मागून बैठक धरून धावावे आणि गिऱ्हाइकाने त्याच्या हातावर विश्वासून पाय मारावेत, असा हा संबंध होता. पुढे याच बंधूंनी वैरण कापण्याची यंत्रे व १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरविण्यास त्यांना फार प्रयास पडले. नवे यंत्र खपवावयाचे तर ते घेणाऱ्याची भीती आधी घालवावी लागते, हा अनुभव या व्यवसायात सायकलपासूनच आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दुकानदार दुरुस्तीच्या कामावरून काय शिकतो, याचे याच काळातील दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. विमानामुळे पुढे विख्यात झालेल्या ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या बंधूंनी १८९२ मध्ये ओहायो राज्यातील डेटन येथे सायकलींची विक्री व दुरुस्ती सुरू केली आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले. चालवता चालवता पायटा सैल होऊन निघणे ही त्या काळच्या सायकलस्वारांची एक पीडा होती. १९०० साली राइट बंधूंनी आपोआप न उलगडणाऱ्या पायट्याची जाहिरात केली. एका बाजूस उजवे व दुसऱ्या बाजूस डावे आटे ही त्यामागील युक्ती होय. बेळगाव आणि डेटन या दोन्ही ठिकाणी दुकानदारांची नावे इतिहासात राहिली. गिऱ्हाइकाची बाजू पाहावयाची तर ज्या शहरात सायकल हे सर्वसामान्यांचे वाहन झाले, त्या पुण्याकडे वळले पाहिजे.

विसाव्या शतकात पुण्याची सायकलींचे शहर म्हणून ख्याती झाली. पेठांतून कॉलेजांकडे जाणारे विद्यार्थी, कचेऱ्यांतील कारकून, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, दूधवाले, तारवाले या सर्वांचा दिवस सायकलवर अवलंबून असे. अशा गिऱ्हाइकाला दुकानाशी मुख्यतः तीन प्रकारचे काम पडे : पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि भाड्याची सायकल. या तिन्हींत विश्वासाचे स्वरूप भिन्न आहे.

पंक्चर काढण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ट्यूब बाहेर काढून तीत हवा भरतात व ती पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवीत जातात. जेथून बुडबुडे येतात तेथे छिद्र. हे बुडबुडे कारागिराला दिसतात तसेच गिऱ्हाइकालाही दिसतात. किंबहुना त्याने पाहावेत अशीच या कामाची मांडणी असते. छिद्र एक की दोन याचा वाद घालावयास जागा उरत नाही. ठिगळ बसविल्यावर तीच ट्यूब पुनः पाण्यात धरली जाते. दोष सिद्ध करणे आणि तो दूर झाल्याचे सिद्ध करणे, या दोन्ही गोष्टी साक्षीदारासमक्ष होतात. कामावर घाईत निघालेला मनुष्यदेखील अनोळखी दुकानात पंक्चर काढून घेण्यास कचरत नाही, याचे कारण येथे आहे. चाकाचा आउट काढणे हे कामही असेच उघडे. चाक फिरवून पाहिले की ते लपकते की नाही हे कोणासही कळते.

ओव्हरहॉलिंगचे तसे नाही. त्यासाठी सायकल दोन-तीन दिवस दुकानात ठेवावी लागे आणि तिचा प्रत्येक भाग सुटा होई. सामान्य सायकलच्या मागच्या चाकात दोन्ही बाजू मिळून अठरा आणि पुढच्या चाकात वीस छरे असतात. ते कप आणि कोन यांच्यामध्ये झाकलेले राहतात. नवे छरे घातले की जुनेच धुऊन ग्रीस लावून बसविले, हे सायकल परत घेताना पाहून सांगता येत नाही. चांगला फ्रीव्हील काढून घेऊन झिजलेला बसविला, अशी शंका गिऱ्हाइकाच्या मनात येई ती याच कामात. तिचे निरसन करण्याचे उपायही याच परिस्थितीतून निघाले. गिऱ्हाईक सायकल देताना महत्त्वाच्या भागांवर खूण करून ठेवी. चोख दुकानदार बदललेले जुने भाग कागदात बांधून परत करी. हे झिजलेले तुकडे गिऱ्हाइकाला निरुपयोगी खरे; पण आपल्या पाठीमागे झालेल्या कामाचा तोच काय तो पुरावा त्याच्या हाती येई. एका घरातील तीन पिढ्या एकाच दुकानात सायकल टाकीत, यामागे सवयीइतकीच ही खात्रीही असावी.

भाड्याच्या सायकलीत ही गोष्ट उलटी होते. येथे दुकानदाराची वस्तू त्याच्या नजरेआड जाते आणि विश्वास ठेवण्याची पाळी त्याच्यावर येते. म्हणून वही आली : नाव, पत्ता, सायकलचा क्रमांक, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. ओळखीच्या मुलाला नुसत्या नावावर सायकल मिळे. अनोळख्यास कोणाची तरी ओळख सांगावी लागे. वाटेत पंक्चर झाल्यास खर्च कोणाचा, हा येथील नेहमीचा तंटा होय. ठिगळ जुने की नवे, हवा आधीच कमी होती काय, यावर दोन्ही पक्ष हट्टास पेटत. अनुभवी गिऱ्हाईक सायकल ताब्यात घेण्यापूर्वी अंगठ्याने टायर दाबून पाही, ब्रेक ओढी आणि रात्रीची वेळ असल्यास दिवा तपासून घेई. कारण बिनदिव्याची सायकल पोलिसाने अडविली तर दंड स्वाराला होई, दुकानदाराला नव्हे.

या व्यवहारास सुट्या भागांच्या पुरवठ्याची एक पार्श्वभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सायकली बहुतांशी इंग्लंडातून येत. युद्धकाळात आयात रोडावली. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबराचाही तुटवडा पडला. फाटलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावणे, ज्यास दुकानांत गेटर म्हणतात, हे अशा टंचाईच्या काळी कारागिराचे खरे कौशल्य होते. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनिपतची ॲटलास (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) असे देशी कारखाने निघाले. अठ्ठावीस गुणिले दीड इंची टायर सर्वत्र मिळू लागला आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्ती शक्य झाली. परंतु त्याचबरोबर अस्सल आणि नकली मालाचा भेद हा गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा नवा विषय झाला. कारागिराचे काम डोळ्यांसमोर होत असले, तरी हाती आलेल्या वस्तूचे पोलाद कसे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. विश्वासाचा प्रश्न अशा रीतीने कारागिराकडून मालाकडे सरकला.

येथे साधनांविषयी एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. गिऱ्हाइकांच्या आठवणींत फसवणूक आणि उपकार या दोनच गोष्टी ठळक राहतात. नेहमीचे नीट झालेले काम कोणी ध्यानात ठेवीत नाही. तेव्हा केवळ मुलाखतींवरून दुकानांची परीक्षा केल्यास चित्र विपरीत होण्याचा संभव आहे. तिला दुकानांच्या भाडेवह्या, उधारीची खाती, पावत्या आणि नगरपालिकांच्या सायकल-कराची दप्तरे यांची जोड दिली पाहिजे. एकच नाव वहीत वर्षानुवर्षे येत राहिले असेल, तर तीही संतोषाची साक्षच समजावयास हवी.

ही निकड का, हे नजीकच्या दोन घटनांवरून दिसेल. २०१७ मध्ये पुण्यात जुन्या सायकलींचे एक संग्रहालय उघडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात मोबाइल फोनवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. तासावर भाड्याने सायकल देण्याची ही जुनीच रीत होती. मात्र त्यात दुकानदार नव्हता. हवा कमी असल्यास दाखवावयाचे कोणाला, बिघाड आपल्या आधीचा आहे हे पटवावयाचे कोणाला, याचे उत्तर सायकलजवळ उभ्या असलेल्या स्वाराला मिळत नसे. काही वर्षांतच त्या योजनेच्या सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. त्याची कारणे अनेक असतील. परंतु घमेल्यातील बुडबुडे दोघांनी मिळून पाहण्याची जी सोय जुन्या दुकानात होती, ती या व्यवस्थेत नव्हती, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने करून ठेवावी.

जुन्या सायकली जतन होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. दुकानांच्या वह्या मात्र रद्दीत जात आहेत. भाड्याच्या सायकली ठेवणारी बहुतेक दुकाने बंद पडली आहेत आणि ती चालविणारी पिढी वृद्ध झाली आहे. आपल्या गावातील अशा एकेका दुकानाची वही आणि त्याच्या चार-दोन जुन्या गिऱ्हाइकांची साक्ष पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मिळविली, तर यंत्रांच्या इतिहासातील ही चौथी बाजू लिहिण्यास साधन होईल. ते काम आणखी दहा वर्षे लांबणीवर टाकण्याजोगे नाही.