पोटावरचा छेद आडवा कसा झाला

मागे गटाच्या बैठकीत बोलता बोलता एक प्रश्न निघाला. सासूच्या पोटावरची सिझरची खूण उभी, बेंबीखालून सरळ खाली आलेली. सुनेची मात्र आडवी, ओटीपोटाच्या घडीत लपलेली. असं का? आम्ही शोधलं, तर या आडव्या खुणेमागे हर्नियाची भीती निघाली.

आपल्या पोटाच्या कातडीखाली, स्नायूंवर एक चिवट पांढरा पडदा असतो. पोट धरून ठेवतो तो हाच. ऑपरेशनच्या जागी तो नीट जुळला नाही, तर फटीतून आतडं पुढे येतं. खोकलं, उठलं की फुगवटा दिसतो. कधी तो काही वर्षांनीही दिसतो.

पूर्वी बहुतेक छेद उभेच घेत. पोटाच्या बाजूचे स्नायू ती चीर दोन्हीकडून ओढत राहतात. ब्रेस्लाऊ शहरात (तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे) फानेनश्टील नावाचे बायकांचे डॉक्टर होते. त्यांनी कातडी आणि पडदा आडवा कापला. स्नायू मात्र कापले नाहीत, मधोमध उभे बाजूला सारले. त्यामुळे चिरा एकाखाली एक येत नाहीत. १९०० साली त्यांनी ५१ बायकांची माहिती छापली. पुढे सिझरलाही हाच छेद रूढ झाला. १९०९ साली ऑपरेशन करताना त्यांच्याच बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि त्यात ते गेले. प्रतिजैविकं तेव्हा नव्हती.

घाईच्या किंवा मोठ्या ऑपरेशनला आजही उभा छेद लागतो. तिथे महत्त्व टाक्यांचं. १९७६ साली इंग्लंडमधल्या जेंकिन्स या सर्जननी सांगितलं, की जखमेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा शिवणीत जायला हवा. मग नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१५ साली छापून आला. एकेक सेंटिमीटरच्या टाक्यांनी शिवलेल्यांत वर्षभरात शंभरात २१ जणांना हर्निया झाला. अर्ध्या सेंटिमीटरच्या बारीक टाक्यांनी शिवलेल्यांत १३ जणांना. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं!

टाके डॉक्टरांच्या हाती, पण पुढचं बरंचसं घरच्यांच्या हाती असतं. जखमेत पू झाला तर हर्नियाचा धोका फार वाढतो. म्हणून जखम लाल झाली, पाणी आलं, ताप भरला, तर हळद भरत बसू नका, दवाखान्यात दाखवा. साखरेचा आजार असेल तर तो ताब्यात ठेवा. विडी-सिगारेटने जखम उशिरा भरते आणि खोकलाही वाढतो. खोकताना उशी पोटावर धरा. संडासला जोर लावावा लागू नये म्हणून पाणी आणि पालेभाजी भरपूर घ्या. नुसतं झोपून राहणंही बरं नाही, घरातल्या घरात चालत राहा. जड मात्र उचलू नका. डॉक्टर साधारण सहा आठवडे सांगतात, तुमच्या ऑपरेशनप्रमाणे विचारून घ्या. हा नियम बाईला माहीत असतो हो, पण हंडा कोण आणणार? हे ऑपरेशनच्या आधीच घरात ठरवून घ्या. नाहीतर गटातल्या आपण पाळी लावू.

आणि फुगवटा आडवं झाल्यावरही आत जात नसेल, घट्ट होऊन दुखत असेल, उलट्या होत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. आतडं अडकलेलं असू शकतं. तशाच मोठ्या दवाखान्यात जा.