पृष्ठ ८७ कुठे गेले? पोथी, छापखाना आणि वर्डची फाइल

🧵 १/ प्रबंधात ‘पाहा : पृ. ८७’ असे लिहिणे म्हणजे वाचकाला पुराव्याचा पत्ता देणे. तीच फाइल मार्गदर्शकांच्या संगणकावर उघडली की तो परिच्छेद पृ. ९१ वर निघतो. एकही अक्षर बदललेले नसते, तरी पत्ता चुकतो. हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

२/ हस्तलिखितांच्या काळात पान हे त्या एका पोथीपुरतेच असे. लहिया बदलला, कागदाचा आकार बदलला, की मजकूर दुसऱ्या पानावर जाई. म्हणून ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण आजही अध्याय आणि ओवी सांगून देतो. पत्ता कागदावर नसून ग्रंथाच्या रचनेतच आहे.

३/ हाही पत्ता अगदी अढळ नव्हे. नकला होताना पाठभेद शिरतात, ओव्या कमीजास्त होतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच कारणाने. तरीही ओवीचा क्रमांक पानाइतका भरकटत नाही.

४/ छापखान्याने पानाला स्थैर्य दिले : एका आवृत्तीच्या साऱ्या प्रतींत पृ. ८७ एकच. आंरी एस्तिएनने १५७८ मध्ये जिनिव्हात प्लेटोचे ग्रंथ छापले. त्या आवृत्तीचे पृष्ठक्रमांक आजच्या भाषांतरांच्याही समासात छापतात आणि अभ्यासक त्यांनीच संदर्भ देतात.

५/ १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘ब्राव्हो’ हा लेखन-प्रोग्रॅम तयार झाला. पडद्यावर दिसेल तसेच कागदावर उमटेल, ही त्यामागची कल्पना. परंतु अशा फाइलीत तयार पाने नसतात. मजकूर आणि मांडणीच्या सूचना असतात. पाने प्रत्येक यंत्र नव्याने जुळवते. प्रत्येक संगणक हा जणू नवा लहियाच!

६/ सूचना त्याच असूनही पाने का सरकतात?
• फॉन्ट नसला की यंत्र दुसरा वापरते. अक्षरांची रुंदी बदलते.
• ए-४ कागद २९७ मिमी उंच, अमेरिकेतील ‘लेटर’ सुमारे २७९ मिमी.
• ओळ कुठे तोडायची, याचे नियम प्रत्येक सॉफ्टवेअरचे निराळे.

७/ मराठीचे दुखणे याहून खोल होते. जुन्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट नसला की पानच काय, मजकूरही हरवे. १९९१ च्या पहिल्याच युनिकोड आवृत्तीत देवनागरी आली आणि अक्षराला स्वतःची ओळख मिळाली. अक्षराची रुंदी मात्र फॉन्टच्याच हाती राहिली.

८/ त्याच वर्षी अडोबीच्या जॉन वॉर्नॉक यांनी ‘कॅमेलॉट’ ही योजना मांडली : दस्तऐवज कुठल्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आले. २००८ मध्ये ते आयएसओ मानक झाले. जतनासाठीचा पीडीएफ/ए हा प्रकार २००५ चा; त्यात वापरलेले फॉन्ट फाइलीतच असणे बंधनकारक आहे. हा छापखान्याचा मार्ग : पान गोठवणे.

९/ पण ज्या खर्ड्यावर चौघांचे हात फिरायचे आहेत, तो गोठवून कसे चालेल? तिथे पोथीचा मार्ग धरावा.
• प्रकरणांना व उपविभागांना क्रमांक द्या, ‘पृ. ८७’ऐवजी ‘विभाग ३.२’ लिहा.
• शीर्षकांना हेडिंग स्टाइल लावा. अंतर्गत संदर्भ हाताने न टंकता क्रॉस-रेफरन्सने जोडा.
• नवे पान हवे तर एंटर दाबत न बसता पेज ब्रेक द्या.
• सर्वांनी एकच युनिकोड फॉन्ट आणि एकच कागद ठरवा.
पृष्ठक्रमांकांचे संदर्भ अंतिम पीडीएफसाठी राखून ठेवा.

१०/ शेवटी एक विनंती. घरी किंवा विभागात जुन्या फॉन्टांतील मराठी फाइली असतील, तर तो फॉन्ट चालणारा संगणक आहे तोवर त्यांचे पीडीएफ करून घ्या आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवा. पीडीएफमुळे पान टिकेल, युनिकोडमुळे मजकूर शोधता येईल. उद्याच्या अभ्यासकाला दोन्ही लागणार आहेत.