गोल्फ कार्टला दिवे आणि दिव्यांचा स्विच



फ्लोरिडातील द व्हिलेजेस किंवा जॉर्जियातील पीचट्री सिटी अशा गावांत गराजमध्ये मोटारीशेजारी विजेवर चालणारी गोल्फ कार्ट दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. पीचट्री सिटीत तर कार्टसाठी सुमारे १०० मैलांच्या वेगळ्या वाटाच आहेत. जुनी कार्ट त्यातल्या त्यात स्वस्त पडते, पण ती बहुधा गोल्फच्या मैदानावरून निवृत्त झालेली असते आणि अंधारात गोल्फ कोणी खेळत नाही. त्यामुळे तिला दिवे नसतात. ते बसवण्याचे काम घरी करता येते, मात्र ते मोटारीसारखे समजून केले तर फसते. म्हणून ही माहिती. ती ३६ किंवा ४८ व्होल्टच्या, पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या असलेल्या कार्टसाठी आहे.

आपली कार्ट किती व्होल्टची, हे सीट उचलून बॅटरीवरची बुचे मोजली की कळते. एका बुचाखाली एक सेल, एका सेलचे २ व्होल्ट. तीन बुचांच्या सहा बॅटऱ्या असतील तर ३६ व्होल्ट; चार बुचांच्या सहा किंवा सहा बुचांच्या चार असतील तर ४८.

दिवे मात्र १२ व्होल्टचे मिळतात. इथेच मोह होतो. ६ व्होल्टच्या दोन शेजारच्या बॅटऱ्यांवरून दोन तारा काढल्या की १२ व्होल्ट तयार, दिवे लगेच लागतात आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पुष्कळ जुन्या कार्ट अशाच जोडलेल्या सापडतात. नांगराला सहा बैल जुंपायचे आणि रात्री त्यातल्या दोघांकडूनच मोट ओढून घ्यायची, असला हा प्रकार. त्या दोन बॅटऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त रिकाम्या होतात. चार्जर तर सर्वांतून सारखाच प्रवाह सोडतो. मग त्या दोन अर्धपोटी राहतात, त्यांच्या प्लेटांवर सल्फेट धरते, आणि उरलेल्या चार गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन त्यांचे पाणी उडते. काही महिन्यांनी कार्ट चढावर दमू लागते तेव्हा दोष दिव्यांचा आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अख्खा संच बदलायला हजार डॉलर सहज जातात, त्या मानाने रिड्यूसर अगदीच स्वस्त.

व्होल्टेज रिड्यूसर ही छोटी पेटी संपूर्ण संचाचे ३६ किंवा ४८ व्होल्ट घेते आणि १२ देते. तिच्या आत जाणाऱ्या दोन तारा संचाच्या दोन टोकांना लावायच्या, म्हणजे जिथून जाड केबल कंट्रोलरकडे आणि मोटरकडे जातात तिथे. मल्टीमीटरने आधी खात्री करा: पूर्ण चार्ज होऊन थोडा वेळ थांबलेला ४८ चा संच सुमारे ५१ व्होल्ट दाखवतो, ३६ चा सुमारे ३८. पॉझिटिव्ह तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. मोटारीतले साधे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचेच असतात, ते इथे चालत नाहीत. ज्यावर ५८ किंवा त्याहून जास्त व्होल्ट डीसी लिहिले आहे असा घ्या. किती ॲम्पियरचा, ते रिड्यूसरच्या कागदावर असते. दिवे बंद असतानाही ही पेटी थोडी वीज खात राहते. हिवाळ्यात तीन-चार महिने भारतात जाणाऱ्यांनी तिला किल्लीवर चालणाऱ्या रिलेमागे जोडावे, नाहीतर परत येईपर्यंत संच पार उतरलेला असेल.

आता स्विच. रिड्यूसरच्या १२ व्होल्टच्या लाल तारेपासून फ्यूज, फ्यूजपासून स्विचचे एक टोक, दुसऱ्या टोकापासून पुढचे आणि मागचे दिवे, आणि दिव्यांपासून काळी तार परत रिड्यूसरला. स्विच १२ व्होल्ट डीसीचाच घ्यावा. घरातल्या भिंतीचा, मग तो हार्डवेअर दुकानातला असो की लोहार चाळीतून हौसेने आणलेला, वापरू नये. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी लांबते आणि स्विचचे संपर्क जळतात. (आपल्याकडे खटका खाली केला की दिवा लागतो, इथे वर केला की. पाहुणे येणार असतील तर स्विचवर चिठ्ठी लावलेली बरी!) आत दिवा असलेल्या स्विचला तिसरा पाय असतो, त्याला काळी तार जाते. ब्रेकचा दिवा या स्विचवर घेऊ नका, त्याला पॅडलपाशी वेगळा स्विच लागतो.

५५ वॉटचे दोन हॅलोजन मिळून सुमारे ९ ॲम्पियर घेतात. त्यांना १४ गेजची तार आणि १५ ॲम्पियरचा फ्यूज पुरतो. एलईडी दिवे घेतले तर बहुधा दोन-तीन ॲम्पियरमध्ये भागते. आमचे मत विचाराल तर एलईडीच घ्या.

मोटार दुरुस्त करण्याची सवय असलेले एक चूक हमखास करतात: काळी तार जवळच्या लोखंडाला जोडतात. मोटारीची बॉडी म्हणजे निगेटिव्ह असते. विजेच्या कार्टमध्ये सहसा तसे नसते, संच चौकटीपासून अलग ठेवलेला असतो. चौकट निगेटिव्ह केली आणि पुढे कधी एखादी पॉझिटिव्ह तार घासून तिला टेकली, तर संच त्या चौकटीतून शॉर्ट होतो. म्हणून प्रत्येक दिव्याची काळी तार स्वतंत्र परत आणा आणि पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी कडे घाला.

हात लावण्यापूर्वी किल्ली काढा, गिअर न्यूट्रलला, रन-टो खटका असेल तर टोवर, मग संचाची मुख्य निगेटिव्ह केबल सोडवून काही मिनिटे थांबा. अंगठ्या, कडे, बांगड्या, घड्याळ, लोंबणारी साखळी सगळे उतरवून ठेवा. सोने वीज उत्तम वाहून नेते आणि बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. चार्जिंग नुकतेच झाले असेल तर गराजचे दार उघडून हायड्रोजन निघून जाऊ द्या.

दिवे बसवले म्हणजे कार्ट रस्त्यावर चालते असे मात्र नाही. १९९८ च्या संघीय नियमानुसार ‘लो-स्पीड व्हेइकल’ ठरायला इतर गोष्टींबरोबर इंडिकेटर, आरसे, सीटबेल्ट आणि व्हीआयएन क्रमांकही लागतो. फ्लोरिडात ठरवून दिलेल्या रस्त्यांवरही कार्ट सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच चालवता येते. रात्रीची परवानगी स्थानिक प्रशासनाने दिलेली असली तर हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि पुढची काच लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे १८ वर्षांखालील मुलांना लर्नर परमिट किंवा लायसन्स आवश्यक आहे, आणि मोठ्यांजवळ सरकारी फोटो ओळखपत्र असावे लागते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या हाती कार्ट देताना हे लक्षात असू द्या.

शेवटी मुख्य केबल परत जोडा, दिवे लावून अर्धा तास तसेच ठेवा आणि तारा, स्विच, फ्यूज यांना हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. लिथियम बॅटरीच्या कार्टला मात्र आपण होऊन तार जोडू नका, त्यात वॉरंटीचाही प्रश्न असतो. ती विक्रेत्याकडेच न्यावी.