परदेशप्रवासात ई-सिम : पाटणमधूनच करावयाची तयारी

पाटण - परदेशी असलेल्या मुला-मुलींकडे निघालेल्या पालकांच्या सामानात औषधे आणि मेतकूट जितक्या काळजीने भरले जाते, तितकीच काळजी आता मोबाईलच्या सिमचीही घ्यावी लागते. विमानतळावर न्यायला आलेल्यांचा निरोप आणि बँकेचा ओटीपी हे दोन्ही एकाच फोनवर येतात. ई-सिमच्या साह्याने स्वस्त इंटरनेट मिळवता येते. मात्र त्यासाठी भारतातील क्रमांक बंद करणे अंगाशी येऊ शकते.

ई-सिम म्हणजे फोनमध्ये कायमची बसविलेली चिप होय. क्यूआर कोड वाचून तिच्यात दूरसंचार कंपनीची नोंद उतरविली जाते. गूगलच्या पिक्सेल २ या फोनमध्ये ती २०१७ मध्ये आली आणि २०१८ मध्ये आयफोनमध्ये. फोनवर *#०६# दाबल्यास आयएमईआयसोबत ३२ अंकी ईआयडी क्रमांक दिसला, तर ही सोय आहे असे समजावे.

प्रवासी ई-सिमवर बहुधा केवळ डेटा मिळतो, दूरध्वनी क्रमांक मिळत नाही. त्यामुळे भारतीय सिम फोनमध्येच ठेवून त्याचे डेटा रोमिंग बंद करावे, इंटरनेटसाठी ई-सिम निवडावे आणि त्या सिमचे डेटा रोमिंग सुरू करावे. ही अदलाबदल चुकली की भारतीय सिमवरून डेटा वापरला जाऊन मोठे बिल येते. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच क्रमांकावर चालू राहते. ओटीपीसाठी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू असावी लागते. काही प्रीपेड ग्राहकांना त्यासाठी पॅक घ्यावा लागतो. याची विचारणा निघण्यापूर्वीच करावी.

हौसेने भारतीय सिमच ई-सिममध्ये बदलून घ्यायचे असेल, तर ते आदल्या दिवशी करू नये. सिम बदलल्यानंतर २४ तास लघुसंदेश बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा २०२२ चा आदेश आहे. ई-सिम करून देतो म्हणून कोणी फोनवर ओटीपी किंवा कोड मागितला, तर तो देऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

खरेदीबाबतही सावधगिरी हवी. परदेशी सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्याच्या कारणावरून एअरालो व होलाफ्लाय ही अ‍ॅप्स जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅपल व गूगलच्या भारतातील दुकानांतून हटविण्यात आली. परवानाधारक विक्रेता निवडावा, अथवा पोहोचल्यावर तेथील कंपनीचे सिम घ्यावे.

युरोपच्या सहलीत आणखी एक गोम आहे. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमधील जादा रोमिंग आकार रद्द झाले. स्वित्झर्लंड मात्र त्या संघात नाही आणि ब्रिटनही बाहेर पडला आहे. मराठी पर्यटकांच्या यादीत हे दोन्ही देश हमखास असतात. 'युरोप' एवढ्याच नावावर न विसंबता देशांची यादी वाचावी.

ई-सिम उतरविताना इंटरनेट अखंड लागते. कोयना खोऱ्यातील डोंगराआडच्या गावांत रेंज ये-जा करते. तेथील प्रवाशांनी हे काम पाटण किंवा कराडला वायफायवर उरकावे. मुंबईच्या विमानतळावरील रांगेसाठी ठेवू नये. मुदत खरेदीपासून मोजली जाते की परदेशी नेटवर्क जोडल्यापासून, हेही पाहावे. क्यूआर कोड अनेकदा एकदाच चालतो. म्हणून परत येईपर्यंत ई-सिम फोनमधून पुसू नये.